कुंडी बदलल्यावर डेंड्रोबियम का बसतं? कोकणातल्या वाचकांचे ऑर्किडविषयी प्रश्न

यंदा ऑर्किडवरची बरीच पत्रं आली आणि बहुतेक लिहिणारे नवखे आहेत. तक्रार थोड्याफार फरकानं एकच: झाड झपाट्यानं वाढलं, कुंडी अपुरी पडली, मोठ्या कुंडीत हलवलं आणि दोन महिन्यांत त्यानं मान टाकली. खालची उत्तरं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीच्या हवेसाठी दिली आहेत. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत मिश्रण आणि पाणी दोन्ही वेगळं लागेल.

प्रश्न: पहिलंच ऑर्किड घ्यायचं आहे. लवकर वाढणारं आणि आमच्या दमट हवेत टिकणारं कुठलं घ्यावं? (एक वाचक, अलिबाग)

डेंड्रोबियम घ्या, पण नीट पारखून. या एकाच नावानं बाजारात दोन अगदी वेगळ्या स्वभावाची झाडं विकली जातात. पहिल्या प्रकारात उभ्या कांडीच्या शेंड्याजवळून लांब दांडा निघतो आणि त्यावर ओळीनं फुलं लागतात. लग्नाच्या सजावटीत दिसणारी जांभळी-पांढरी 'सोनिया' ही यातली सगळ्यांत ओळखीची जात. ही झाडं उष्ण, दमट हवेची आहेत आणि किनाऱ्यावर चांगली वाढतात.

दुसरा प्रकार नोबिली. त्याची फुलं दांड्यावर नसतात, कांडीच्या पेरापेराला दोन-तीनच्या झुबक्यांनी लागतात. दुकानात तो जास्त भरगच्च दिसतो, म्हणून नवखा माणूस हमखास तोच उचलतो. कळ्या धरायला त्याला हिवाळ्यात काही आठवडे १० ते १३ अंशांच्या रात्री लागतात. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतलं रात्रीचं तापमानही सहसा १५ अंशांच्या वरच असतं. त्यामुळे दुकानातून आलेली फुलं ओसरली की पुढे नुसती पानं आणि पिल्लं, म्हणजे कांडीवरच फुटणारी छोटी रोपं, येत राहतात.

झाड निवडताना फुलं शेवटी बघा. निदान तीन कांड्या असाव्यात आणि सगळ्यांत नवी कांडी जुन्यांइतकी किंवा त्यांच्याहून उंच असावी. नवी कांडी ठेंगणी निघाली असेल तर ते झाड उतरणीला लागलेलं आहे. कुंडी हातात धरून झाड हलकेच हलवा. ते बुडातून डगमगत असेल तर मुळांनी जागा धरलेली नाही. टिश्यू कल्चरची बोटभर रोपं स्वस्त पडतात, पण फुलायला दोन-तीन वर्षं घेतात आणि पहिल्या पावसात फार जपावी लागतात. पहिलं झाड फुलण्याच्या वयाचंच घ्या.

पिवळ्या फुलांचं ऑन्सिडियमही लवकर वाढतं, मात्र त्याची मुळं बारीक असतात आणि जास्त पाण्यात डेंड्रोबियमच्या आधी कुजतात, म्हणून ते दुसरं झाड म्हणून घ्यावं. फॅलेनॉप्सिसची वाढ सावकाश होते आणि त्याच्या पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं की गाभाच कुजतो.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी छोट्या प्लॅस्टिकच्या कुंडीत आणलेलं सोनिया आता कुंडीबाहेर आलं आहे. मुळं बाहेर लोंबतात. कुंडी आता बदलू की पाऊस सुरू झाल्यावर? बाकीची झाडं आम्ही मृगातच लावतो. (एक वाचक, गुहागर)

मुळं बाहेर लोंबणं हे कुंडी बदलायचं कारण नाही. डेंड्रोबियम निसर्गात झाडांच्या फांद्यांवर वाढतं, त्याची मुळं हवेत राहायलाच घडलेली आहेत. बदलायची वेळ आली हे ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. कुंडीतलं सोडण (नारळावरचं तंतुमय साल) कुजून काळं, भुसभुशीत झालं असेल आणि पाणी घातल्यावर दोन दिवसांनीही आत बोट ओलं होत असेल, तर बदला. नवी कांडी कुंडीच्या काठाबाहेर फुटून अधांतरी वाढत असेल, तर बदला. वरच्या भारानं कुंडी वारंवार कलंडत असेल, तर बदला. यातलं काहीच नसेल तर मुळं खुशाल लोंबू द्या. या झाडाला आवळ कुंडी मानवते.

आता वेळ. मृगाचा मुहूर्त आंब्या-काजूच्या कलमांना चालतो, कुंडीतल्या ऑर्किडला चालत नाही. कुंडी बदलताना कितीही जपलं तरी काही मुळं तुटतात आणि या जखमा कोरड्या हवेत भरून यायला हव्यात. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि हवा आठवडेच्या आठवडे ओली असते. अशा हवेत तुटलेल्या मुळाचं टोक सुकत नाही, तिथून कूज आत शिरते.

आपल्याकडे दोन वेळा सोयीच्या आहेत: फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये. पण तारखेपेक्षा झाडाकडे बघून ठरवा. शेवटच्या कांडीच्या बुडाशी नवा डोळा फुटून त्याचा कोंब चार-पाच सेंटिमीटरचा झाला असेल आणि त्याच्या तळातून हिरव्या टोकाची मुळं नुकती अर्धा-एक सेंटिमीटर डोकावत असतील, तो दिवस धरा. ही मुळं मग थेट नव्या मिश्रणातच शिरतात. ती बोटभर लांब होईपर्यंत थांबलात तर हाताळताना त्यांची टोकं मोडतात, आणि टोक मोडलेलं मूळ तिथून पुढे सरळ वाढत नाही, झालंच तर मागून फाटा फोडतं.

प्रश्न: कुंडी बदलायची संपूर्ण कृती प्रमाणासकट द्या. किती मोठी कुंडी घ्यायची, काय भरायचं, नंतर पाणी कधी? (एक वाचक, देवगड)

कुंडीपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक झाडं इथेच दगावतात. 'आता मोठीच घेऊ, पुन्हा बदलायला नको' असं म्हणून १० इंची कुंडी घेतली जाते. मुळं जेवढ्या जागेत पोचली आहेत तेवढ्यातलंच पाणी ती शोषतात. उरलेला भाग ओलाच राहतो, आतली हवा संपते आणि मुळं गुदमरून कुजतात. चार-पाच कांड्यांच्या झाडाला ५ ते ६ इंच तोंडाची कुंडी पुरते. अजून दोन वर्षांच्या कांड्या मावतील एवढीच जागा हवी. मातीची, बाजूंना भोकं असलेली कुंडी किनाऱ्यावर उत्तम: ती लवकर सुकते आणि जड असल्यानं वाऱ्यात कलंडत नाही. प्लॅस्टिकची असेल तर तापवलेल्या सळईनं बाजूंना आणि तळाला मिळून दहा-बारा भोकं पाडा.

मिश्रणात माती, शेणखत, कोकोपीटची पूड यातलं काहीही नको. ६ इंची कुंडीला सुमारे दीड लिटर मिश्रण लागतं. पाऊण लिटर लाकडी कोळसा, अर्धा लिटर फुटक्या मंगलोरी कौलाचे तुकडे आणि पाव लिटर सोडणाचे तुकडे, म्हणजे ३:२:१. प्रत्येक तुकडा दोन-तीन सेंटिमीटरचा, साधारण सुपारीएवढा. चुरा चाळून टाका, तो तळाशी बसून पाण्याची वाट अडवतो. कोळसा चुलीला वापरतात तोच लाकडी. दाबून केलेल्या कोळसाविटा नकोत. कोळसा आणि कौल आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. कोरडा कोळसा मुळांतलंच पाणी ओढून घेतो.

झाड काढण्याआधी जुनी कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. सुकी मुळं काडीसारखी मोडतात, भिजली की लवचीक होतात. कुंडीच्या भिंतीला चिकटलेली मुळं पातळ सुरीनं कडेनं सोडवा. मातीची कुंडी मुळांनी अगदीच धरून ठेवली असेल तर ती फोडा आणि मुळाला चिकटलेली खापरी तशीच राहू द्या. खापरी ओढून काढाल तर मुळाची साल तिच्याबरोबर निघून येईल.

मग जुनं सोडण बोटांनी काढून टाका आणि मुळं तपासा. दाबल्यावर टणक लागतं ते जिवंत, मग ते पांढरं असो, हिरवट असो की कुंडीच्या आत राहून तपकिरी पडलेलं असो. दाबल्यावर पचकतं किंवा साल सरकून आत दोऱ्यासारखी शीर उरते ते मेलेलं, ते कापा. कात्री ज्योतीवर चांगली तापवून गार करा, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना हे दरवेळी करा. ऑर्किडमधले विषाणू कात्रीवरून पसरतात आणि त्यांच्यावर औषध नाही.

आठ किंवा जास्त कांड्या असतील तरच झाडाचे दोन भाग करा, दर भागाला निदान चार कांड्या ठेवून. एकेका कांडीचे तुकडे केले तर फुलायला वर्ष-दोन वर्षं वाढतात. पानं गळालेल्या जुन्या कांड्या कुरूप दिसतात म्हणून लोक छाटतात, तेही करू नका. त्यांत अन्न-पाणी साठलेलं असतं, नवा कोंब त्यावर पोसतो, आणि सोनियासारख्या जातींत जुन्या कांडीलाही पुन्हा दांडा येतो. कांडी पिवळी पडून सुरकुतली आणि पोकळ झाली की मगच काढा.

कापलेल्या जागेवर चिमूटभर दालचिनीची पूड लावा, पण फक्त कांडीच्या जखमेवर. दालचिनी सुकवते, मुळांवर पडली तर चांगली मुळंही वाळतात. त्यानंतर झाड सावलीत तीन-चार तास उघडं ठेवा.

भरताना तळाशी मोठे तुकडे घाला. सगळ्यांत जुनी कांडी कुंडीच्या काठाला टेकवा आणि नवा कोंब मध्याकडे तोंड करून ठेवा, कारण झाड एकाच दिशेनं सरकत वाढतं. मिश्रण मुळांच्या आजूबाजूला सोडून कुंडी हलकेच आपटत बसवा. कांड्यांना जोडणारी आडवी खोडगाठ मिश्रणाच्या वर, उघडी दिसली पाहिजे. ती पुरली तर नवा कोंब उगवता उगवताच कुजतो. आणि झाड डोलता कामा नये: बांबूची काडी खोचून दोन कांड्या तिला सुतळीनं सैलसर बांधा. वाऱ्यानं झाड डोलत राहिलं की नव्या मुळांची कोवळी टोकं कोळशावर घासून मरतात. कुंडी बदलल्यावर 'झाड बसलं' अशी जी पत्रं येतात, त्यांतल्या पुष्कळ झाडांना ही एक काडी मिळालेली नसते.

पहिले पाच दिवस कुंडीत पाणी ओतू नका. कुंडी पडवीत उजेडाच्या सावलीत ठेवा आणि सकाळी पानांवर हलका फवारा द्या. सहाव्या दिवसापासून पाणी सुरू करा, पण मिश्रण सुकू देत देत. खत तीन-चार आठवड्यांनी, नवी मुळं दोन-तीन सेंटिमीटर वाढलेली दिसल्यावरच द्या. या काळात जुन्या कांड्या थोड्या सुरकुततात. घाबरून पाणी वाढवू नका. शोषायला मुळंच कमी आहेत, जास्तीचं पाणी नुसतं साचतं.

प्रश्न: आमच्या वाडीतल्या नारळाचीच सोडणं तोडून कुंडीत भरली, तरी मुळांची टोकं काळी पडली. (एक वाचक, मालवण)

ताज्या सोडणात दोन गोष्टी असतात: पाणी तपकिरी करणारं टॅनिन आणि क्षार. खाडी-समुद्राजवळच्या वाडीतल्या सोडणात क्षार जास्तच असतात, आणि कोवळं टोक क्षारानं आधी जळतं. शहाळ्याची हिरवी सोडणं नको, ती लवकर कुजतात. पिकल्या, सुकलेल्या नारळाची घ्या. सुपारीएवढे तुकडे करून बादलीत दगडाखाली दाबून भिजवा आणि रोज पाणी बदला. साधारण आठवडा-दहा दिवसांत पाणी फिकट चहाच्या रंगावर आलं की एक उकळी द्या, त्यानं गोगलगाईची अंडी आणि मुंग्याही जातात, आणि उन्हात खडखडीत वाळवा. पावसात भिजत पडलेल्या ढिगातली सोडणं आयती धुतलेली असतात, पण त्यांवर बुरशी आहे का ते पाहा.

एवढं करूनही आपल्या पावसात सोडण दीड-दोन वर्षांत कुजतंच. म्हणून वरच्या मिश्रणात त्याचा वाटा सहावा ठेवला आहे.

प्रश्न: आषाढात नव्या कोंबाची पानं बुडाशी काळी, पाणचट होऊन सहज उपटून येतात. बुरशीनाशक फवारलं तरी थांबलं नाही. (एक वाचक, दापोली)

वर्णनावरून ही काळी कूज आहे. ती फायटोफ्थोरा आणि पिथियम या गटांतल्या जीवांमुळे होते. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून पावसाच्या शिंतोड्यांबरोबर कुंडीतून कुंडीत जातात. आपण काय फवारलं ते लिहिलेलं नाही, पण घरोघरी असतं ते कार्बेन्डाझिम या गटावर चालतच नाही.

रोगट झाड बाकीच्यांपासून आजच दूर करा. काळा भाग संपतो तिथून आणखी दोन सेंटिमीटर चांगल्या भागात कापा आणि कापलेला आडवा छेद बघा. त्यात तपकिरी ठिपका किंवा कडी दिसली तर पुन्हा खाली कापा. छेद पूर्ण हिरवट-पांढरा दिसेपर्यंत कापत जा, मग कोंब पुरता गेला तरी चालेल. खोडगाठ वाचली तर दुसरा डोळा फुटतो. जखमेवर दालचिनी लावा आणि मेटॅलॅक्सिल ८ टक्के अधिक मँकोझेब ६४ टक्के हे जोड बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम प्रमाणात झाडावर आणि मिश्रणावर फवारा. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच, आणि फवारा पडवीत माणसं बसतात तिथे नको. काळ्या भागाला घाण वास येत असेल आणि तो एका दिवसात पानभर पसरत असेल तर ती जिवाणूजन्य कूज असते. तिथे बुरशीनाशकाचा उपयोग नाही: कापणं, कोरडं ठेवणं आणि वारा देणं एवढंच हातात आहे.

औषधापेक्षा जागा महत्त्वाची. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या छपराखाली आणा, पण वळचणीला नको. पागोळ्यांचं पाणी एकाच जागी तासन्‌तास पडतं आणि जमिनीवरून उडून खालच्या पानांवर चिखल आणतं. कुंड्या जमिनीपासून निदान दोन-अडीच फूट उंच, लाकडी पट्ट्यांच्या किंवा जाळीच्या मांडणीवर, एकमेकींपासून वीतभर अंतरावर ठेवा. वर पारदर्शक पत्रा आणि चारी बाजू उघड्या, ही पावसाळ्यातली सर्वांत चांगली सोय. प्लॅस्टिकच्या कागदानं चहूबाजूंनी बंद केलेला मांडव मात्र कूज वाढवतो.

पावसाळ्यात छपराखालच्या झाडाला पाणी लागतं का? लागतं, पण मुळांना विचारून. सुकलेलं मूळ रुपेरी-पांढरं दिसतं, ओलं हिरवं. हिरवं आहे तोवर पाणी नको. संततधारेत आठ-आठ दिवस पाणी न घालताही झाड सुखात असतं.

प्रश्न: सुपारीवर फवारलेलं बोर्डो मिश्रण उरतं, ते ऑर्किडवर मारलं तर चालेल का? (एक वाचक, श्रीवर्धन)

नको. सुपारीच्या कोळेरोगावर एक टक्का बोर्डो योग्य आहे, पण त्यात मोरचूद म्हणजे तांबं असतं आणि डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही. कोवळी पानं आणि कळ्या करपतात. सुपारीवर फवारणी असेल त्या दिवशी बागेतल्या कुंड्या आडोशाला न्या. उडालेलं पडलंच तर लगेच साध्या पाण्यानं धुवा.

प्रश्न: झाड हिरवंगार, उंच, पण तीन वर्षांत फूल नाही. कांड्यांवर वरच छोटी रोपं फुटतात. खत भरपूर घालते. (एक वाचक, वेंगुर्ला)

आधी पहिल्या उत्तरातली पारख करून ते नोबिली नाही ना, हे पाहा. नसेल तर 'हिरवंगार' याच शब्दात उत्तर आहे. डेंड्रोबियमची पानं गडद हिरवी असतील तर उजेड कमी पडतो आहे. पुरेशा उजेडात ती पोपटी, किंचित पिवळसर हिरवी असतात. आंब्याखालची दाट सावली पानांपुरती ठीक, फुलांना पुरत नाही. सकाळी दहापर्यंतचं थेट ऊन आणि नंतर ५० टक्क्यांच्या शेडनेटखालचा उजेड द्या. हा बदल दर आठवड्याला थोडा थोडा करा. सावलीतलं झाड मे महिन्यात एकदम उन्हात ठेवलं तर पानांवर भाजल्याचे सुके डाग पडतात आणि ते भरून येत नाहीत.

भरपूर खत हे दुसरं कारण. नत्र वाढलं की झाड पानं काढतं आणि कळीच्या जागी पिल्लू. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, म्हणजे पाच लिटरला सपाट एक चहाचा चमचा, आठवड्यातून एकदा आणि वाढ चालू असतानाच द्यावं. आधी साधं पाणी, मग खताचं. ऑक्टोबरपासून कांड्या पक्व झाल्या की १३:००:४५ हे पालाश जास्त असलेलं खत त्याच प्रमाणात द्या. महिन्यातून एकदा खताऐवजी नुसतं पाणी कुंडीच्या तिप्पट ओता, कोळशात साठलेले क्षार धुऊन निघतात. शेणाची स्लरी आणि जीवामृत इथे टाळा. जमिनीत ती उत्तम कामं करतात, पण ऑर्किडच्या कुंडीत तुकड्यांमधल्या फटी बुजवतात.

पिल्लं टाकू नका. पिल्लाला निदान तीन मुळं पाच सेंटिमीटरची झाली की कांडीचा छोटा तुकडा बरोबर घेऊन कापा आणि ३ इंची कुंडीत नुसत्या बारीक कोळशात लावा. मात्र खत बेताचं असूनही साऱ्या कांड्यांना पिल्लंच फुटत असतील तर कुंडी उपसून मुळं पाहा. बुडाची मुळं गेली की झाड वर नवा संसार थाटतं.

प्रश्न: मे महिन्यात फुललेली कुंडी घरात आणली. दोन दिवसांत कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. (एक वाचक, रत्नागिरी)

त्या खोलीत आंब्याची अढी होती का? पिकणाऱ्या आंब्यांतून इथिलीन वायू निघतो, त्यानंच शेजारचे आंबे पिकतात आणि ऑर्किडच्या कळ्या-फुलंही कोमेजतात. केळीच्या घडाचंही तसंच, आणि चुलीच्या धुरातही हा वायू असतो. अढी एका खोलीत आणि कुंडी दुसऱ्या हवेशीर खोलीत ठेवा. अढी नसेल तर पंख्याचा सतत झोत किंवा एकदम बदललेला उजेड ही कारणं उरतात. कळ्या वेड्यावाकड्या, कडा तपकिरी होऊन गळत असतील तर कळी उकलून फुलकिडे शोधा. असतील तर लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा.

प्रश्न: विहिरीचं पाणी मचूळ आहे. तेच घालावं का? आणि रात्री मुळांची टोकं कोण खातं? (एक वाचक, मुरुड)

मचूळ पाणी नको. टीडीएस मापक (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर ३०० पीपीएमच्या खालचं पाणी चांगलं. छपराचं पावसाचं पाणी सर्वोत्तम. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊ द्या, मग पिंप भरा आणि डास होऊ नयेत म्हणून जाळीदार कापडानं घट्ट बांधा. मचूळ पाण्याला पर्यायच नसेल तर त्यात निम्मं पावसाचं पाणी मिसळा. समुद्रासमोरच्या घरांत वाऱ्याबरोबर पानांवर मीठ बसतं, तिथे आठवड्यातून एकदा पानं धुवा.

मुळं खाणाऱ्या बहुधा गोगलगाई किंवा शेंबड्या (शंख नसलेल्या गोगलगाई) असतात. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन मांडणीखाली, कुंडीच्या बुडाशी पाहा आणि वेचा. संध्याकाळी बटाट्याची चकती मिश्रणावर ठेवली तर सकाळी तिच्याखाली जमलेल्या मिळतात. कुंडी तासभर काठोकाठ पाण्यात बुडवली की आत दडलेल्या वर येतात, मुंग्याही निघून जातात. मुंग्या राहू देऊ नका, त्या पिठ्या ढेकणांना पोसतात. मीठ मात्र कुंडीजवळ टाकू नये.

प्रश्न: वादळात आंब्याची फांदी पडली, तिच्यावर रानटी ऑर्किड आहे. कुंडीत लावू का? जंगलातून आणखी आणता येतील का? (एक वाचक, सावंतवाडी)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. राखीव जंगलातून परवानगीशिवाय वनस्पती काढणं गुन्हा आहे, आणि ऑर्किडचं सगळं कूळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहे. सीतेची वेणी काय किंवा पानगळीनंतर पांढऱ्या फुलांनी भरणारं आपलं रानडेंड्रोबियम काय, झाडावरून ओरबाडून आणलेली बहुतेक कुंडीत मरतात. बियाण्यातून नवं झाड उगवायला ठरावीक बुरशीची साथ लागते आणि फुलायला वर्षं जातात, त्यामुळे एक काढलं की ती जागा सहज भरत नाही.

आपल्या अंगणात पडलेलं मात्र जरूर वाचवा, कुंडीत नव्हे, झाडावर. इथे पावसाळाच योग्य, कारण उघड्या खोडावर पाणी साचत नाही, सरीसरींच्या मध्ये वारा मुळं सुकवतो आणि सप्टेंबरपर्यंत ती साल धरतात. आंबा, फणस, रतांबा किंवा नारळाचं खोड चालेल. पेरू नको, त्याची साल सोलून निघते आणि तिच्याबरोबर ऑर्किडही. फांदीवरची साल मुळांसकट सुटत असेल तर तशीच काढा, नाहीतर फांदीचा तुकडाच करवतीनं कापून घ्या. डोक्याच्या उंचीवर, खोडाच्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या अंगाला, सुती कापडाच्या दोन इंच रुंद पट्टीनं दोन ठिकाणी घट्ट बांधा. तार वापरू नका, ती मुळांतही रुतते आणि खोडातही. सीतेची वेणी असेल तर तिची पानं तिरपी, खाली झुकलेली राहतील अशी बांधा, म्हणजे गाभ्यात पाणी साठणार नाही. खाली शेवाळ किंवा काथ्याची जाड गादी देण्याची गरज नाही. पावसात ती ओली राहते आणि मुळं सालीकडे जायची सोडून तिच्यातच थांबतात. पाऊस लांबला तर पहिले पंधरा दिवस सकाळी एकदा पाणी शिंपडा. मुळं सालीला चिकटलेली दिसली की दसऱ्यानंतर पट्टी सोडा, आणि पहिल्या उन्हाळ्यात, मार्च ते मे, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी खोड भिजवा.